पाय टेकला

बोलण्यात पिराजी साळोखे कुणाला हार जाणारा गडी नव्हता. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीच्या कासेखाली बसून तो धार काढायचा आणि धारेबरोबर तोंडही चालू ठेवायचा. गिऱ्हाइकाचा पेला रिकामा व्हायचा, मिशीवरचा फेस वाळून जायचा, पण माणूस जागचा हलायचा नाही. म्हशीसुद्धा त्याच्या आवाजाशिवाय पान्हा सोडत नाहीत, असं लोक चेष्टेनं म्हणायचे. अशा माणसाच्या हाती पुढं माईक आला. तो आला नसता तर बरं झालं असतं, पण हे पिराजीला फार उशिरा कळलं.

त्याचा दोस्त अमीन पिंजारी नेमका उलटा. दहा प्रश्नांना मिळून एक 'व्हय' द्यायचा, तेही मनात आलं तर. अमीन मूळचा मलकापूरचा. बाप कापूस पिंजता पिंजता खोकून गेला, थोरल्या भावानं, मौलालीनं, बापाचं काम उचललं, आणि आई फातिमाबी लोकांच्या जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवून द्यायची. अमीन कोल्हापुरात सायकलच्या दुकानात पंक्चर काढायला आला आणि पंक्चर काढता काढता सायकलच्या नादाला लागला. पिराजीलाही तोच नाद होता. फरक इतकाच, की पिराजीचा नाद हौसेचा होता आणि अमीनला दुसरं काही सुचतच नव्हतं.

कोल्हापुरात पैलवानाला जो मान, तो सायकलवाल्याला कुठला? तालमीतली पोरं अमीनला 'पायाचा पैलवान' म्हणून हसायची. हा मात्र त्यांच्याच शेजारी उभा राहून बैठका मारायचा. कोंबडा आरवायच्या आत उठून, मागं कॅरियरला वाळूचं पोतं बांधून, पंचगंगेच्या पुलावरून पन्हाळ्याच्या वाटेला लागायचा. मडगार्ड, घंटी, स्टँड सगळं काढून सायकल नुसती हाडाची केलेली. चढाला सीटवरून उठायचं नाही, हा त्याचा स्वतःचा कायदा. पावसाळ्यात पन्हाळ्याचं धुकं अंगावर घेऊन, चिखलानं माखून परत यायचा, आणि पिराजी त्याला थेट कासेतली धार पेल्यात सोडून द्यायचा. "पी लेका. म्हशीला बी कळू दे, तिचं दूध कुठं जातंय ते," असं म्हणायचा. अमीन प्यायचा आणि पेला उपडा ठेवून कामाला जायचा.

पायडलवरून पाय सुटू नये म्हणून त्यानं जुन्या ट्यूबचे पट्टे कापून पायडलला लावले होते. पाय आत घालून पट्टा आवळायचा. उतरायचं झालं तर वाकून, हातानं पट्टा सोडवल्याशिवाय पाय सुटत नसे. ही गोष्ट पिराजीला चांगली ठाऊक होती. तेवढीच त्याला हवी तेव्हा आठवली नाही.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी रत्नागिरी ते कोल्हापूर अशी शर्यत ठरली. जो पहिला येईल तो दिल्लीला सरावाला जाणार, आणि तिथून पुढं देशाच्या संघात. पिराजीही उतरला होता, पण आंबा घाटाच्या पायथ्यालाच त्याची ट्यूब फाटली आणि तो मागच्या ट्रकवर चढून बसला. घाट संपला तेव्हा अमीन सगळ्यांच्या पुढं होता. सीटवरून न उठता घाट चढला होता पठ्ठ्या. ट्रकच्या टपावर उभा राहून पिराजी घसा फोडून ओरडत होता.

मलकापूरच्या नाक्यावर चिंचेखाली फातिमाबी उभी होती. डोक्यावर पदर, हातात ताकाचा तांब्या. ऊन असं होतं की डांबर चाकाला चिकटत होतं. पिराजीनं ट्रकवरून पाहिलं ते एवढंच: म्हातारीनं तांब्या पुढं केला, अमीनची सायकल थांबली आणि अमीनचा पाय जमिनीला टेकला. तो सावकाश ताक प्याला, पदरानं तिनं त्याचं तोंड पुसलं, आणि तेवढ्यात मागचे दोघं सर्रकन पुढं गेले. मग अमीननं पाठलाग केला. एकाला त्यानं केर्लीजवळ गाठलं. दुसरा कोल्हापुरात चाकभर अंतरानं पुढं राहिला. तो दिल्लीला गेला. अमीनला पितळेचा पेला मिळाला.

पुढच्या वर्षी दुष्काळात शर्यतीचं नाव कोण काढणार? नंतर झाली तेव्हा अमीनच्या गुडघ्यात पाणी झालं होतं. त्या दुपारबद्दल तो कधी कुणाशी एक शब्द बोलला नाही. पिराजी मात्र बोलला. बोलायची कला असलेल्या माणसाला रिकामी जागा दिसली की तो भरतोच.

त्या काळात गावोगावी सायकलच्या खेळाचं वेड आलं होतं. बाजाराच्या मैदानावर चुन्याच्या फक्कीनं गोल आखायचा, मधोमध वासा रोवून त्यावर कर्णा आणि ट्यूबलाइट लावायची, आणि एका माणसानं सात दिवस, सात रात्री त्या गोलात सायकल फिरवायची. पाय म्हणून जमिनीला लावायचा नाही. जेवण सायकलवर, दाढी सायकलवर, अंघोळीला बाया चालत्या सायकलवर घागरी ओतायच्या. रात्री झापड आली की साथीदारानं खांद्याला हात लावून सोबत चालायचं. पोरांना एकच प्रश्न पडायचा, आणि त्याचं उत्तर पिराजी माईकवर कधी देत नसे. ही कल्पना पिराजीचीच. "देशाच्या संघात न्हाय गेलास, तर गावाच्या मैदानात तरी फिर," असं तो म्हणाला. अमीननं एक 'व्हय' दिला.

आजऱ्याच्या पहिल्या खेळाला माणसं जमेनात. शनिवारचा बाजार भरला होता, पण लोक तांदळाची पोती सोडून मैदानाकडं फिरकत नव्हते. तेव्हा पिराजीनं माईक तोंडाशी धरला आणि ताकाची गोष्ट सांगितली. घाट, ऊन, आघाडीवरचा लेक, आणि वाटेत उभी राहिलेली वेडी आई. "मायेनं हाक मारली, आन लेकाचा पाय टेकला. एका तांब्यापायी दिल्ली गेली. त्या दिवशी ह्या गड्यानं मनाशी शपथ घेतली, की आता मेलो तरी पाय टेकणार न्हाय."

शपथ-बिपथ काही नव्हती. ती पिराजीच्या तोंडातून तिथल्या तिथं निघाली आणि त्याला स्वतःलाच आवडली. बाया डोळे पुसायला लागल्या. संध्याकाळपर्यंत मैदान भरून गेलं. अमीन गोलात फिरत सगळं ऐकत होता. तो काही बोलला नाही, आणि त्याचं न बोलणं म्हणजे होकार, असा पिराजीनं सोयीचा अर्थ लावला. पुढं दहा-बारा वर्षं प्रत्येक गावात ही गोष्ट झाली. दरवेळी तांब्या थोडा मोठा झाला.

एकदा खेळ मलकापुरातच लागला. फातिमाबी लेकाला बघायला आली. तिनं सायकलच्या सीटला घालायला वाकळेच्या चिंध्यांची जाड खोळ शिवून आणली होती. अशी खोळ ती दर साली द्यायची, सात दिवस बसून लेकाचं बूड सोलतं म्हणून. ती गर्दीच्या मागं पोचली तेव्हा कर्ण्यावर गोष्ट चालली होती. तिनं उभ्यानं सगळी ऐकली. मग पुढं न जाता खोळ पिराजीच्या हातात दिली.

"मावशी, पुढं जावा की. त्याला हातानं द्या," पिराजी म्हणाला.

"नगं बाबा. माझ्या हातानं नगं," एवढंच ती म्हणाली आणि निघून गेली. पिराजीला वाटलं, म्हातारी गर्दीला बुजली. त्यानं माईक परत तोंडाला लावला.

मग आला नेसरीचा खेळ. उन्हाळा होता. खेळाचे दोनच दिवस उरले होते आणि अमीननं आधीच सांगून ठेवलं होतं, की हा शेवटचा. गुडघे संपले होते. मलकापूरच्या नाक्यावर चिंचेखाली हवा भरायचं दुकान टाकायचं आणि अम्माजवळ राहायचं, असा त्याचा बेत होता. एवढं सलग तो पिराजीशी वर्षात बोलला नव्हता.

दुपारी मैदान ओस पडलं होतं. अमीन हँडलवर मान टाकून मुंगीच्या चालीनं फिरत होता. तेवढ्यात मैदानाच्या कडेला लिंबाखाली मौलाली येऊन उभा राहिला. टॉवेलनं तोंड पुसत होता. पिराजी त्याच्याकडं गेला.

"अम्मा जातीया," मौलाली म्हणाला. "डॉक्टर म्हणतोय आजची रात न्हायतर उद्याची."

"आत्ता त्याला सांगतो," पिराजी वळला.

मौलालीनं त्याचा दंड धरला. "ऐक आधी. काल शुद्धीत हुती. म्हणाली, अमीनला कळवू नगा. माझ्यापायी एकदा त्याचा पाय टेकला, पोराच्या जल्माचं वाटोळं झालं. आता त्याची शपथ मोडायला लावू नगा."

शपथ हा शब्द आपण कुठल्या गावात, कुठल्या खांबाखाली उभं राहून काढला, हे पिराजीला लख्ख आठवलं. ते त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं. पण इतकी वर्षं कर्ण्यावरून सांगितलेलं खोटं एका माणसाच्या तोंडावर मागं घेणं त्याला जमेना.

"मग तुमी आलासा कशाला, मौलाभाई?"

"घरात बसवंना. आन त्याच्या म्होरं जाऊन बोलायचं धाडस बी हुईना. तू त्याच्या जवळचा. तू ठरीव. दिस मावळायच्या आत शेवटची गाडी हाय."

पिराजी खांबाशी परत आला. अमीन फिरत फिरत समोर आला आणि न थांबता बोलला, "झाडाखाली भाई हाय काय?"

तो पुढं निघून गेला. गोल फिरून यायला त्याला जेवढा वेळ लागायचा, तेवढाच वेळ पिराजीकडं होता.

"भाईच हाय," तो परत आल्यावर पिराजी म्हणाला. "गडहिंग्लजला कामाला आलता. सहज डोकावला."

अमीन पुढं गेला. पुन्हा आला. "अम्मा कशी हाय म्हणला?"

हा फेरा पिराजीला फार मोठा वाटला. सांगावं तर अमीन तिथंच उतरेल, खेळ मोडेल, गाव हसेल. ते एक वेळ चाललं असतं. पण म्हातारीनं शेवटची इच्छा म्हणून जे मागितलं, ते मोडणारा आपण कोण? आणि अमीन तिथं पोचला, तिनं डोळे उघडून त्याला बघितलं आणि आपल्यापायी पुन्हा पाय टेकला हेच मनात धरून गेली तर? पिराजीला मनापासून वाटलं की न सांगणं हेच बरं. त्यात कपट नव्हतं.

"बरी हाय," तो म्हणाला.

अमीन पुढं गेला. पुढच्या फेऱ्याला त्याच्या चेहऱ्यावर चक्क हसू होतं. "भाईला म्हणावं, अम्माला सांग, परवा येतोय. आन खोळ फाटलीया म्हणावं."

पिराजीनं निरोप पोचवला. मौलालीनं मान हलवली आणि तो गाडीला गेला.

त्या रात्री मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. पिराजीनं तबकड्यांवर तबकड्या लावल्या, पण लोक ऐकेनात. "पावणं, ती आईची गोष्ट सांगा की," असा गलका झाला. त्यानं सांगितली. 'मायेनं हाक मारली' या शब्दांवर त्याचा आवाज फाटला आणि त्याला मधेच थांबावं लागलं. नेसरीच्या लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. अशी गोष्ट त्यानं कुठंच सांगितली नव्हती, असं दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर जो तो म्हणत होता.

सातवा दिवस सरला. जमिनीवर घोंगडी अंथरली, हार आले, हलगी वाजली आणि अमीन उतरला. पाय धरत नव्हते. दोघांनी काखेत धरला. त्यानं हातानं खूण करून माईक मागितला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "आता बास झालं," तो म्हणाला. "मी अम्माकडं चाललोय." लोकांनी शिट्ट्या मारल्या. पिराजी त्याला धरून कनातीमागं घेऊन गेला.

तिथंच त्यानं अमीनला अम्मा गेल्याचं सांगितलं; मलकापूरचा निरोप त्याला आदल्या दिवशीच आला होता. अमीन हार काढत होता.

"कवा?"

"काल फाटंचं."

"भाई त्यासाठी आलता?"

"व्हय. मावशीच म्हणाली, कळवू नगा. तुझा पाय..."

अमीननं हार नीट घडी घालून खाटेवर ठेवला. एस.टी.च्या टपावर सायकल टाकली, दोघं एका बाकावर बसले, आणि कोल्हापूर येईपर्यंत पिराजीनं दहा वेळा तोंड उघडून मिटलं.

कोल्हापूरच्या स्टँडवर मलकापूरची गाडी उभी होती. अमीन तिच्याकडं गेला नाही. टपावरून सायकल उतरवली, पायडलच्या पट्ट्यात पाय घातला, वाकून आवळला आणि निघाला. पिराजीनं ओळखीच्या दुकानातून एक सायकल ओढली आणि मागं लागला. सात दिवस एकाच अंगानं फिरल्यामुळं अमीनची सायकल सरळ चालत नव्हती. सारखी डावीकडं ओढायची आणि तो हिसका देऊन तिला रस्त्यावर आणायचा. पूल, केर्ली, वाघबीळ, बांबवडं. ज्या रस्त्यावर त्यानं पोतं बांधून तरुणपण घालवलं, त्याच रस्त्यावर आज बैलगाड्या त्याच्या पुढं जात होत्या. चढ आला तरी तो सीटवरून उठला नाही.

मलकापूरच्या नाक्यावर चिंचेखाली तो थांबला. वाकला, हातानं पट्टा सोडवला आणि पाय टेकला. पिराजी धापा टाकत शेजारी आला.

"बघितलंस?" अमीन म्हणाला.

"काय?"

"पट्टा. हातानं सोडावा लागतो. त्या दिवशी बी हातानंच सोडलाता. तिनं नुसता तांब्या धरला हुता. थांब म्हणाली न्हवती. उलट जा, जा म्हणत हुती. पळत्या सायकलवरनं घेतला असता तर चार घोट मिळालं असतं." त्यानं चिंचेच्या बुंध्याकडं पाहिलं. "मला तहान बी न्हवती. सकाळधरनं उनात उभी हुती ती. मला थांबावं वाटलं, म्हणून थांबलो."

"मग हे मला का न्हाय सांगितलंस कधी?" पिराजीचा आवाज चिरकला.

"तू कवा इचारलंस? तू सांगतच हुतास."

पिराजी सायकलवरून खाली उतरला.

"ती म्हणणारच कळवू नगा म्हणून. आई हाय ती," अमीन म्हणाला. "त्या दिवशी बी जा म्हणाली, तरी मी थांबलो. परवा बी थांबलो असतो. आन तिला सांगितलं असतं, पाय मी टेकलाता, तू न्हाय. तेवढंच सांगायचं हुतं. दुकान टाकल्यावर निवांत सांगीन म्हणत हुतो."

त्यानं सीटवरची फाटकी खोळ काढली, काखेत घेतली आणि कब्रस्तानाच्या वाटेनं लंगडत निघाला. पिराजी दोन पावलं त्याच्या मागोमाग गेला. "तू नगं येऊ," अमीन न वळता म्हणाला. पिराजी दोन्ही सायकली धरून चिंचेखाली उभा राहिला. त्याला रडायला येत होतं आणि रस्त्यावर वर्दळ होती.

समोरच्या हॉटेलातून चहावाला बाहेर आला, निरखून पाहिलं आणि हसला. "माईकवालं पिराजीराव न्हवं तुमी? बसा की. म्हातारी गेली, कळलं न्हवं? ताकाची गोष्ट आमी पोरांना सांगतोय अजून. हितंच थांबवलंतं तिनं त्याला."

"थांबवलं न्हवतं," पिराजी म्हणाला. "खोटी हाय ती गोष्ट. मी जुळवलेली."

"खोटी कशी असंल?" चहावाल्यानं फडकं खांद्यावर टाकलं. "साऱ्या मलकापूरला ठावं हाय. आन म्हातारी सोता सांगायची की येणाऱ्या-जाणाऱ्याला, माझ्यापायी लेकाची दिल्ली गेली म्हणून. मरस्तवर तेच सांगत हुती." मग त्यानं विचारलं, चहा एक टाकू का दोन.